रुसव्यात गेलेलं घड्याळ

माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये पंगतीनंतरच्या प्रत्येक फोटोत नवऱ्याचा डावा हात पुढे आहे. पाहुण्यांशी बोलताना पुढे, सासूबाईंच्या शेजारी उभं राहताना पुढे, आणि माझ्या बाजूला खुर्चीवर बसल्यावर तर गुडघ्यावर असा मांडून ठेवलाय की फोटोग्राफरने चेहरा सोडून मनगटच काढावं. लोक अल्बम चाळतात आणि म्हणतात, केवढे केस होते हो यांना. मला केस दिसत नाहीत. मला घड्याळ दिसतं. ते माझ्या बाबांचं आहे.

समोर मी नवऱ्याला अहो-जाहो करते. इथे नवरा म्हणणार आहे आणि एकेरीतच लिहिणार आहे. तेवढी सूट मी घेतली.

आमच्या भागात नवरदेव रुसतो. लग्न लागलं, पंगत बसली, नवरदेवाच्या ताटाभोवती रांगोळी निघाली, उदबत्ती लागली, की त्याने ताटाला हात लावायचा नाही आणि तोंड फुगवून बसायचं. मग सासरा हात जोडून विचारतो, काय पाहिजे. नवरदेव गप्प. त्याच्या वतीने त्याचा मामा बोलतो. कुणी सायकल मागतं, कुणी अंगठी. तोवर सगळी पंगत वाढलेल्या ताटांवर ताटकळते, वरण गार होतं आणि बायका पदराआड हसत असतात, कारण ही गंमत आहे असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. मुलीच्या बापाला गंमत वाटते का, हे विचारायची पद्धत नाही.

आमच्या घरात तर देणंघेणं नव्हतंच. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतलेली, आणि बाबा विहारातल्या बैठकीत उभे राहून सांगणारे की हुंडा घेणाऱ्यालाही दारात उभं करू नका आणि देणाऱ्यालाही. मुलाकडच्यांनी ऐकून माना डोलावल्या होत्या. हुंडा नाही, मानपान नाही, सगळं कबूल. आणि पंगत बसल्यावर नवरदेव रुसला.

मामा म्हणाला, "हुंडा कोन मांगून राह्यला? पोरगं हौसेनं रुसलं. एक घड्याळ द्या अन् मोकळे व्हा."

गावात घड्याळाचं दुकान नव्हतं. असतं तरी पंगत सोडून मुलीचा बाप कुठे जाणार. बाबांनी स्वतःच्या हातातलं घड्याळ काढलं, शर्टाच्या टोकाला पुसलं आणि नवरदेवापुढे धरलं. त्याने ते घेतलं. पट्टा घामाने ओलसर होता, म्हणून खिशातून रुमाल काढून पुन्हा पुसलं, हातात बांधलं, आणि मग पहिला घास घेतला. मी शेजारच्या पाटावर बसले होते. त्या रुमालाचा राग मला अजून आहे, आणि तो कमी करायचा माझा विचार नाही.

बाबा दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावी हायस्कुलात शिपाई होते. शाळेची घंटा त्यांच्याकडे होती. नोकरी पक्की झाल्यावर त्यांनी ते घड्याळ घेतलं होतं. सरकारी कारखान्यात बनलेलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीवर आपले मराठी आकडे असलेलं. सकाळी रेडिओच्या बातम्यांना ते वेळ लावायचे आणि दिवसभर त्यावर शाळा चालायची. शाळाच कशाला, पहिल्या घंटेला आमच्या मोहल्ल्यातल्या बायका शेतात निंदायला निघायच्या. घड्याळ गेल्यावर बाबांना ऑफिसच्या खिडकीत वाकून भिंतीवरचं घड्याळ बघून घंटा द्यावी लागायची. ते भिंतीवरचं मागे पडायचं. घंटा उशिरा झाली म्हणून हेडमास्तर सगळ्या शिक्षकांसमोर त्यांना टाकून बोलले. हे मला आईने सांगितलं, बाबांनी कधीच नाही. दुसरं घ्या म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "आता कायले पाह्यजे?" रिटायर होईपर्यंत ते त्या खिडकीत वाकत राहिले.

आणि ज्याच्यासाठी हे सगळं झालं त्या नवऱ्याने घड्याळाचं काय केलं? काही वर्षं मिरवलं. मग एक दिवस म्हणाला, बिघडलं, दारव्ह्याला दुरुस्तीला दिलंय. परत आलं ते रिकामं. मशीन नाही, तबकडी नाही, काटे नाहीत, नुसती स्टीलची केस, म्हणजे बाहेरचं कवच, आणि मागचं झाकण. "कारागिरानं आतलं सारं खाल्लं," नवरा म्हणाला. त्याच्या हातात तोवर सेलवर चालणारं नवं सोनेरी घड्याळ आलं होतं. मी केस बटणांच्या डब्यात टाकली आणि त्या कारागिराला मनातल्या मनात शिव्या देत संसार केला.

यवतमाळला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये मी नोकरी केली. सगळी उमर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावण्यात गेली. रिटायर झाले तेव्हा आई जाऊन बराच काळ झाला होता, बाबा पंच्याऐंशीच्या घरात होते, गावी भावाजवळ राहत होते आणि काठीशिवाय चालत नव्हते. रिकाम्या दुपारी बटणांचा डबा आवरताना ती केस हाताशी आली. त्याच दुपारी मी ठरवलं की हे घड्याळ होतं तसं उभं करायचं. आतला प्रत्येक भाग त्याच कारखान्याचा आणि त्याच काळचा हवा. आणि ते बाबांच्या हातात बांधायचं, बाबा आहेत तोवर. मला आणखी काहीही नको होतं.

ओळखीचे लोक शहाणपण शिकवायला लागले. तसंच जुनं अख्खं घड्याळ मिळतं, ते घे की. अख्खं घेतलं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी. केस बाबांची आहे. तिच्यात बाकीचं जमवून बसवलं तर ते बाबांचं. हे ज्याला समजत नाही त्याला समजावत बसायला मला वेळ नव्हता.

पहिली धाड दारव्ह्याच्या कारागिरावर घातली. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीने बसून, बाजाराच्या गर्दीतून वाट काढत त्याचं दुकान शोधलं. दुकान कसलं, त्याच्या मुलाने सगळीकडे मोबाईलची कव्हरं टांगली होती आणि एका कोपऱ्यात काचेच्या पेटीमागे हा म्हातारा उरला होता. मी केस काचेवर ठेवली. ठेवली म्हणजे आपटलीच.

"वळखता का हे?"

त्याने झाकण उघडलं आणि डोळ्याला भिंग लावलं. दुरुस्तीला घड्याळ उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण ओरखडून ठेवायची, ही या लोकांची रीत. लपवायला जागा नव्हती.

"खून तं माहीच हाय," तो म्हणाला.

"मंग मशीन कुठं हाय?"

"इतक्या वर्सानं इचारता?"

"चोरीले वर्स मोजता का तुमी?"

त्याने भिंग काढून बाजूला ठेवलं. तो चांगलाच तापला होता. "चोरी कोनाची, बाई? तुमच्या मान्सानं देल्लं. म्हने, चावी द्याचा कटाळा येते, हे ठेवून घ्या अन् बदल्यात सेलवालं द्या. सोनेरी पाह्यजे म्हने. केस मीनं वापस देल्ली, काहून का तिच्यावर वरखडे होते."

परतीच्या काळीपिवळीत मी स्वतःला सांगत राहिले की म्हातारा खोटं बोलतोय. पण सोनेरी हा शब्द मी त्याच्यासमोर काढलाच नव्हता.

नवरा पेपर वाचत होता. मी विचारलं. त्याने पेपर खाली केला, वर केला आणि मग म्हणाला, "बदलून घेतलं तं काय झालं? घड्याळ माहं होतं."

"मले तं म्हटलं, कारागिरानं खाल्लं."

"तुले सांगतलं असतं तं तू बसली असती रडत."

त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात जेवायला या, गॅस संपला, बिल भरा, यापलीकडे बोलणं झालं नाही. नवऱ्याला ते सोयीचंच वाटलं असावं. कारागीर चोर ठरला नाही तरी त्याच्यावरचा माझा राग काही हलला नाही. इतकी वर्षं जोपासलेला राग असा एका दुपारी कसा जाणार. फक्त नवऱ्यासाठी नव्याने वेगळा राग धरावा लागला, आणि तो धरायला मला काहीच त्रास पडला नाही.

गंमत म्हणजे काम त्याच कारागिराकडून करून घ्यावं लागलं. यवतमाळचे दुकानदार सेल बदलतात, पट्टे विकतात, आणि चावीचं घड्याळ पुढे केलं की, ताई, आता हे कोण घालतं, म्हणून आपल्यालाच हसतात. म्हातारा निदान हसला नाही. त्याने पेटीखालून मेलेल्या घड्याळांचा डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. कोंड्यातून दाणे वेचावे तशी मी त्यातून एकेक मशीन बाहेर काढली. आमच्या घड्याळाच्या जातीच्या काही निघाल्या. एकीचा झोका देणारा चक्का, म्हणजे बॅलन्स, तेवढा नव्हता. बाकी पूर्ण होती.

"याच्यातली एखांदी तुमच्या बाबाचीई असंल," तो म्हणाला. "मशीनीवर काई नाव नसते."

मी ती उचलली. बाबांची असेल किंवा नसेल. मला विचारत बसायचं नव्हतं.

तबकडीने मात्र छळलं. मी अल्बममधला गुडघ्यावरच्या हाताचा फोटो लॅबमधल्या जुन्या मैत्रिणीकडे नेऊन मोठा करून पाहिला होता. आकड्यांचं वळण, काट्यांची टोकं, सेकंदकाट्याची शेपटी, सगळं टिपून घेतलं. मोबाईलवर मुंबईच्या एका विक्रेत्याकडे तसलीच तबकडी दिसली. अगदी ओरिजिनल, त्याची शपथ. पाकीट आलं. लॅबमध्ये नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर जुन्या पत्र्यावर नवा पांढरा रंग फासलेला, मिनिटांच्या रेघा दारूड्यासारख्या चाललेल्या, आणि नऊचा आकडा कुणी तरी मराठी न येणाऱ्याने काढलेला. फोन केला तर हा म्हणतो, "मॅडम, सेम टु सेम आहे, इतकं कोण बघतं?" मी म्हटलं, मी बघते, मी आयुष्यभर तेच केलं. मग मी त्याला आणखीही काही म्हटलं. त्याने माझा नंबर ब्लॉक केला.

खरी तबकडी बाभुळगावला मिळाली. मैत्रिणीच्या ओळखीच्या एका घरी भिंतीवर म्हाताऱ्याच्या फोटोखाली खिळ्याला तसंच घड्याळ लटकतंय, असं तिने सांगितलं. मी मनात वाद घालायची पूर्ण तयारी करून गेले. मेलेल्या माणसाची वस्तू, कोण सहज देईल? दार उघडलं ते माझ्याच वयाच्या सुनेने. मी काय पाहिजे ते सांगितलं. तिने एकदा फोटोकडे पाहिलं आणि खिळ्यावरून घड्याळ ओढूनच काढलं.

"न्या," ती म्हणाली. "मी नळावर गेली का बुढा हे हातात धरून दारात बसे. किती टाइम लागला, कोनासंग बोलली. दळन दळाले गेली तरी तेच. न्या तुमी."

"बंद हाय का?"

"तो मेला अन् मीनं चावी देनंच बंद केलं."

चहाही न विचारता तिने दार लावून घेतलं, आणि मला तिचं काही चुकलं असं वाटलं नाही. त्या घड्याळातून तबकडी मिळाली, काटे मिळाले आणि बॅलन्सही मिळाला. बसमध्ये मांडीवर रुमालात गुंडाळलेलं ते घड्याळ घेऊन बसले असताना क्षणभर मन कचरलं. असल्या माणसाचं सामान बाबांच्या मनगटावर कशाला? मग म्हटलं, तबकडीने काय केलंय. जो बघणारा होता तो फोटोत गेला.

चावीचं बोंड, बारके स्क्रू, पट्ट्याच्या दांड्या हे इकडून तिकडून जमत गेलं. काचही मला त्या काळचीच हवी होती. म्हातारा वैतागला. "मानूस दात नवे बसवते, तुमाले काचई जुनीच पाह्यजे," तो म्हणाला. पण शोधून दिली. जरा पिवळसर होती, त्याने ती घासून लख्ख केली.

जोडणीच्या दिवशी मी त्याच्या पेटीला लागून स्टूल ठेवून बसले. सामान ठेवून जा, संध्याकाळी या, असं तो म्हणत होता. मी हलले नाही. पेट्रोलमध्ये धुतलेली चाकं त्याने एकेक करून चिमट्याने उचलली आणि मशीनीत बसवली. वर बाभुळगावचा बॅलन्स ठेवला, पट्टी आवळली, बारक्या ब्रशने एक धक्का दिला. चक्का हलला, थांबला, पुन्हा हलला आणि चालूच राहिला. म्हातारा कौतुकाने बघत बसला नाही, लगेच तबकडीकडे वळला. मीही कौतुक केलं नाही. मधे मी मुलाच्या गिऱ्हाइकाला वाट द्यायला उठले तेवढ्यात त्याने सेकंदकाटा दुसराच लावायला घेतला. शेपटी आखूड होती.

"हा नाई," मी म्हटलं.

"तुमच्यावाला जरासा वाकला हाय. हा बरा दिसते."

"वाकलेला सरळ करा. तोच पाह्यजे."

"तुमाले जगात कोनाचाच भरोसा नाई का, बाई?"

"नाई," मी म्हटलं.

त्याने काटा सरळ केला, बसवला, काच दाबली, झाकण लावण्याआधी आतल्या बाजूला आपल्या जुन्या खुणेशेजारी नवी खूण ओरखडली. त्या खुणेचाही मला राग आला, पण रीत ती रीत. घड्याळ माझ्या हातात दिलं तेव्हा ते चालत होतं. मी तिथे त्या कव्हरांच्या लोंबत्या गर्दीत उभी राहून ते कानाला लावलं, आणि मला रडू आलं. म्हातारा दुसरीकडे बघत म्हणाला, "आता चावी रोज द्या." मी आभार मानले नाहीत. पैसे दिले आणि निघाले.

आईच्या स्मृतिदिनाला भाऊ दरवर्षी जवळच्या माणसांना जेवायला बोलावतो. मी एकटीच जाणार होते. नवऱ्याला एरवी माझ्या माहेरच्या नावाने कणकण येते, पण नेमका त्या वर्षी तो म्हणाला, मीही येतो, भावजय वांग्याची भाजी चांगली करते.

नवरा बाहेर चपला काढत भावाशी बोलत होता. मी सरळ आत गेले. बाबा खाटेवर बसले होते. घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, उलटं केलं, कडेला एक पोचा आहे त्यावरून अंगठा फिरवला. घंटा देताना एकदा टोला चुकून लागला होता, त्याचा तो पोचा.

"हे तं माहं हाय," ते म्हणाले. आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. "जावईबापूनं वापस धाडलं? काहून? काई झालं का बाई?"

"काई नाई झालं. मी बनवून आनलं. तुमच्यासाठी."

"तू बनवलं?"

"जमवून आनलं सारं. बांधू का?"

मी पट्टा शेवटच्या भोकात अडकवला तरी मनगटावर तो सैल झाला. त्यांनी हात कानाशी नेला. मग भावाला हाक मारून वेळ विचारली आणि बोटांनी चावी ओढून काटे लावले. काटे बरोबर जागी थांबले. पानं वाढेपर्यंत ते खाटेवर बसून होते, आणि आलेल्या प्रत्येकाने काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी एकदा मनगटाकडे बघत होते. मी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत होते. मला वाटलं, झालं. माझ्या हातून आयुष्यात एक तरी गोष्ट पूर्ण झाली.

पंगत बसली. बाबांना खाली बसवत नाही म्हणून त्यांना खुर्ची आणि स्टूल, आणि समोर सतरंजीवर नवरा, मानाच्या जागी. मी पोळ्या वाढत होते. बाबांनी ताटाला हात लावला नाही. त्यांनी आधी पट्ट्याचं बकल काढलं. सैलच होता, लगेच निघाला. घड्याळ शर्टाला पुसलं आणि वाकून नवऱ्यापुढे धरलं.

"जावईबापू, हे तुमचं. बाईनं चुकीनं मले आनून देल्लं."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने डावा हात पुढे केला.

मी पोळ्यांची टोपली खाली ठेवली आणि मधल्या मधे घड्याळ घेतलं. पंगतीतल्या लोकांनी माना वर केल्या. नवरा भावाकडे बघून हसला. "बाबा देऊन राह्यले. मीनं मांगितलं का?" त्याने खरंच मागितलं नव्हतं. लग्नातही त्याने कुठे तोंड उघडलं होतं.

"बाई, दे त्यायले," बाबा म्हणाले.

"नाई देत. हे तुमचं हाय."

"दे म्हंतो ना." त्यांनी ताट पुढे सारलं. "असं करू नाई, बाई. तुले नांदाचं हाय तिथं."

मी अठ्ठावन्न वर्षांची आहे. मुलगी तिच्या घरी सुखात आहे, नातू शाळेत जातो. राहतं घर माझ्या पगारातून बांधलंय आणि सातबारा नसला तरी घराच्या कागदावर माझं नाव आहे. मला तिथून कोण काढणार? हे सगळं माझ्या ओठावर आलं होतं. पण बाबा माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होते त्यांत ती भीती आजची नव्हती. मी माहेरी एकटी आले की ते आधी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायचे. मला वाटायचं, खाऊ काय आणलाय ते बघतात. ते पिशवी किती मोठी आहे ते बघत होते. मुलगी परत आली की काय, हे बघत होते. घड्याळ देऊन त्यांनी मला नांदवली होती, निदान त्यांच्या मते, आणि दुसरं घड्याळ हातात घालून कुणाच्या डोळ्यावर यायची त्यांची हिंमत झाली नव्हती. विहारात उभं राहून बोलणारा माझा बाप इतकी वर्षं जावयाला घाबरून जगला आणि मला पत्ता नव्हता. मला नवऱ्याचा राग आला, मामाचा आला, हसणाऱ्या त्या बायकांचा आला. बाबांचाही आला, आणि तो सगळ्यांत जास्त आला.

"जेवा बाबा," मी म्हटलं.

"आधी दे."

मी घड्याळ नवऱ्याच्या मनगटावर बांधलं. स्वतः बांधलं, कारण त्याच्या हातात देणं माझ्याने होत नव्हतं. बाबांनी ताट जवळ ओढलं. भात कालवता कालवता ते जावयाला सांगायला लागले, सकाळी उठल्याबरोबर चावी द्या, अडलं की थांबा, जोर नका लावू, पाण्यात हात घालताना काढून ठेवा. बोलताना त्यांचा आवाज मोकळा झाला होता. नवरा हो हो करत होता. मी टोपली उचलली आणि पोळ्या वाढल्या. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

आता ते घड्याळ नवऱ्याच्या हातात असतं. चावी द्यायचं तो विसरतो, म्हणून ते बंद असतं, आणि वेळ तो मोबाईलमध्ये बघतो. मी चावी देत नाही आणि आठवणही करत नाही. भाऊ दर रविवारी फोन लावून बाबांच्या कानाशी धरतो. ते माझी तब्येत विचारत नाहीत, नातवाचं विचारत नाहीत. पहिला प्रश्न एकच असतो.

"जावईबापू घड्याळ घालतात ना?"

"घालतात, बाबा."

"बरं झालं," ते म्हणतात, आणि मग माझ्याशी बोलायला लागतात.